आईचा खताचा ड्रम दर दोन महिन्यांनी का बिघडायचा

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी ओल्या कचऱ्याचं खत करणं गेल्या तीन वर्षांत पाच वेळा सुरू झालं आणि चार वेळा बंद पडलं. दर वेळी मी पुण्याहून जायचो, सगळं उपसायचो, पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, घालून थर नीट लावून द्यायचो, आईला पुन्हा एकदा समजावून सांगायचो आणि परत यायचो. सहा-आठ आठवडे गेले की फोन यायचा. "अरे, परत वास सुटलाय म्हणे. शेजारच्या काकू सांगत होत्या. मला तर काही येत नाही वास."

आई ७४ वर्षांची आहे, बाबा ८१ चे. बाबांचा एक गुडघा बदललेला आहे, आईच्या बोटांना संधिवात. दोघांनाही खताची हौस माझ्यापेक्षा जास्त, आणि उकिरडा, गायरी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे "त्यांना कळत नाही" असं म्हणायची सोय नव्हती.

बिघाडाचं निदान मी दर वेळी बरोबरच करत होतो: ओलं जास्त, सुकं कमी. उपायही बरोबर होता. भाजीची देठं, फळांची सालं यांत नत्र जास्त असतं, वाळलेल्या पानांत कर्ब. खत नीट कुजायला एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब लागतो, आणि नुसत्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तो निम्माच भरतो. पानं कमी पडली की ढीग दबतो, हवा आत जात नाही, पाणी साठतं आणि वास सुटतो. हे सगळं मी आईला चार वेळा सांगितलं. सुकं कमी का पडतंय, एवढं मात्र एकदाही पाहिलं नाही.

आधी काय काय फसलं ते सांगतो, कारण वयस्कर माणसांच्या घरी हमखास हेच घेतलं जातं.

पहिला आला फिरवायचा ड्रम. "वाकावं लागत नाही, फक्त हँडल फिरवा" अशी त्याची जाहिरात होती. रिकामा असताना नातवंडांनी तो मजेत फिरवला. ओलसर खत लिटरमागे साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरतं. शंभर लिटरचा ड्रम पाऊण भरला की आत पन्नासेक किलो माल असतो, आणि तो एका बाजूला बसलेला असतो. बाबांनी तो एकदा ढकलला तर ड्रम अर्धवट फिरून उलटा मागे आला. त्यानंतर त्यांनी हात लावला नाही, आणि बरंच झालं.

मग एकावर एक ठेवायची मातीची तीन मडकी आणली. दिसायला सुंदर. पण वरचं भरलं की ते उचलून खाली ठेवायचं आणि खालचं वर घ्यायचं. भरलेलं मडकं आई कशी उचलणार, हा विचार विकणाऱ्याने केला नव्हता आणि घेणाऱ्यानेही. ती शेजारच्या मुलाची वाट बघत बसायची. तोपर्यंत वरचं मडकं काठोकाठ भरलेलं असायचं आणि कचरा वाडीत फेकला जायचा.

तिसरा बाबांचा खड्डा. खड्डा कोकणात उन्हाळाभर ठीक चालतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जूनमध्ये त्याची विहीर होते.

चौथा पुन्हा एक ड्रम, भोकं पाडलेला, उभा. तोही बिघडला तेव्हा मी उपसाउपशी केली नाही. सकाळी चहा घेऊन पडवीत बसलो आणि आई काय करते ते नुसतं बघत राहिलो.

ती डबा घेऊन निघाली. एक हात भिंतीला, एका हातात डबा. ड्रमपाशी पोचली. झाकण घट्ट, दोन हातांनीच निघणारं. म्हणून डबा जमिनीवर ठेवला, म्हणजे एकदा वाकली. झाकण काढलं, तेही खाली ठेवलं, दुसऱ्यांदा वाकली. डबा उचलला, तिसऱ्यांदा. कचरा टाकला. आता वर पातेरा टाकायचा. पातेऱ्याचं पोतं होतं विहिरीच्या कठड्यापलीकडे, बावीस पावलांवर, आणि मधल्या चिऱ्यांवर शेवाळ. तिने एकदा तिकडे पाहिलं, झाकण लावलं आणि आत आली.

"आई, पातेरा?"

"रोज घालते की. आज राहिला."

रोज राहत होता. आणि माझ्या लेखी चुकीचं काही नव्हतं त्यात. मीही त्या शेवाळावरून रोज गेलो नसतो.

पातेरा कचऱ्याच्या हाताला लागून असायला हवा

बाकी काही बदलायला जमत नसेल तर एवढं एकच करा. कचरा टाकायच्या जागेपासून हात लांब केला की सुकं मिळालं पाहिजे, उभ्याने, वाकल्याशिवाय. पाचव्या वेळी आम्ही खतासाठी चिऱ्यांचे चौकोन रचले (ते कसे, हे पुढे सांगतो), आणि त्यांच्या शेजारीच कमरेच्या उंचीवर एक जुनं प्लास्टिकचं पिंप ठेवलं आणि त्यात पातेरा. त्यातच एक डालगं, म्हणजे बांबूची टोपली. पिंप रिकामं व्हायला आलं की पोत्यातून भरून देणं हे महिन्यातून दोनदा येणाऱ्या गड्याचं काम. रोजच्या माणसाच्या वाटेतलं पाऊल जेवढं कमी कराल तेवढा वास कमी.

माप सोपं ठेवलं: एक डबा कचरा, वर दोन डबे पातेरा. हलक्या हाताने, न दाबता. दोन माणसांच्या घरात दिवसाला साधारण दोन लिटरचा डबा भरतो. म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पावणेपाचशे ते पाचशे लिटर पानं लागतात. खताची किंवा धान्याची मोठी पोती दाबून भरली तर सहा पुरतात. ही सहा पोती माघ-फाल्गुनात, पानगळीत भरून पडवीत चढवायची. जूनमध्ये पातेरा शोधायला निघालात तर ओला गोळाच मिळणार, आणि ओला पातेरा म्हणजे पातेराच नव्हे.

आंब्या-फणसाची पानं चामड्यासारखी असतात, तशीच टाकली तर एकावर एक चिकटून छप्पर होतं. ती मोडायला मशीन लागत नाही. पोतं भरून भर उन्हात ठेवायचं आणि दुपारी बाहेरून काठीने बडवायचं. हे काम बाबांनी घेतलं आहे. खुर्चीवर बसून, रेडिओ लावून. अर्ध्या तासात पोतं निम्मं होतं, आणि "मला काही काम नाही" ही तक्रारही. शिरीष, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष जवळ असेल तर नशीब. त्यांची पानं मुळातच बारीक. पानं नसतीलच तर वखारीतला लाकडाचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. कोकोपीटची पाच किलोची वीट मात्र जपून मागवा. ती वीस-पंचवीस लिटर पाणी पिते, आणि मग ती बादली हलवायला माणूस लागतो.

उंची, झाकण आणि उपसणं

पाचव्या वेळी आम्ही काहीच विकत आणलं नाही. पडवीच्या पायरीला लागून जांभ्या चिऱ्यांचे दोन चौकोन रचले. आतून दोन-दोन फूट, उंची ७५ सेंटीमीटर, म्हणजे आईच्या कमरेच्या जरा खाली. चिऱ्यांत मुद्दाम फटी ठेवल्या. तळाशी घुशीसाठी बारीक लोखंडी जाळी. पुढची बाजू चिऱ्याची नाही. तिथे खाचेत सरकणाऱ्या तीन फळ्या. खत तयार झालं की खालची फळी काढायची, समोर स्टूल टाकून बसायचं आणि लांब दांड्याच्या दाताळ्याने पुढे ओढायचं. घमेल्यात तीन-चार किलोच्या वर घ्यायचं नाही. हा नियम आईने केला आहे, मी नव्हे.

झाकण काढूनच टाकलं. त्याऐवजी वर कायमचा पत्रा, हात आणि डोकं आरामात आत जाईल इतक्या उंचीवर, पडवीच्या छपराच्या आत सरकवून. पागोळी कुठे पडते ते आधी पावसात उभं राहून बघा. आमच्या एका ओळखीच्यांनी हौद इतका छान बांधला आणि तो बरोबर पागोळीखाली आला. कचऱ्यावर पातेऱ्याचा जाड थर असला की माश्यांसाठी वेगळं झाकण लागत नाही. माकडांसाठी लागतं. त्याला बांबूच्या चौकटीवर जाळी मारली, वजन किलोच्या आत, एका हाताने दोरीला धरून उचलता येईल अशी.

आता ढवळणं. खताच्या बहुतेक कृतींमध्ये "आठवड्यातून एकदा खालीवर करा" असं असतं, आणि वयस्कर माणसांचं खत तिथेच संपतं. खालीवर केल्याने ते लवकर होतं, एवढंच. न करता ठेवलं तरी होतं. आपल्याकडच्या हवेत तीन-चार महिने लागतात. ज्याला दीड महिन्यात खत हवंय त्याने कंबर मोडावी. आम्ही चौकोनाच्या मधोमध भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा ठेवला आहे, हवा त्यातून खाली जाते. शिवाय आठवड्यातून एकदा लोखंडी सळई चार-पाच ठिकाणी खुपसायची, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलेली. बोटं दुखत असतील तर त्या मुठीवर सायकलच्या हँडलचं रबर चढवा.

कोणता चौकोन कधी बंद केला हे लक्षात ठेवायला आम्ही सण धरले. गुढीपाडव्याला पहिला भरायला घेतला, नागपंचमीच्या सुमारास तो बंद आणि दुसरा सुरू, दुसरा भरेपर्यंत कार्तिक उजाडतो आणि पहिला उपसायला तयार असतो. तारखा लिहिलेली चिठ्ठी आईने दोनदा हरवली. नागपंचमी ती विसरत नाही.

तरीही बिघडलं तर

वास आलाच तर आधी कोणता ते विचारा. नासक्या अंड्यासारखा किंवा आंबूस म्हणजे पाणी जास्त. दोन दिवस काही टाकू नका, सळई खुपसा, दोन-तीन डालगी पातेरा वर. बहुतेक वेळा आठवडाभरात बसतो. डोळ्यांत झोंबणारा, अमोनियाचा वास असेल तर सुकं कमी पडतंय का ते बघा, आणि घरात राख कोण टाकतंय तेही शोधा. आमच्याकडे न्हाणीघराच्या चुलीची राख बाबा "वास मारायला" सढळ हाताने टाकत होते. राख अल्कधर्मी, त्यामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणजे वासही वाढतो आणि खताचा कसही जातो. चिमूट-मूठ ठीक, घमेलं नको.

इथे एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. वय वाढतं तसं नाक मंदावतं. आईला वास येत नव्हता हे खरंच होतं, ती बहाणा करत नव्हती. त्यामुळे "वास आला की पातेरा वाढवा" ही सूचना तिच्या कामाची नाही. मुठीत दाबून पाणी निघतं का पाहायचं, हेही संधिवाताच्या हातांना नको. आम्ही काडीवर आलो: वाळलेली, न रंगवलेली लाकडी काडी ढिगात वीतभर खोचायची, दहा मिनिटांनी काढायची. ओलसर, दमट निघाली तर छान. चिखल माखून, ठिबकत निघाली तर पातेरा. कोरडी निघाली तर तांब्याभर पाणी. उन्हाळ्यात हेही होतं आणि मग मुंग्या येतात.

अळ्या. यावरून घरात सर्वांत मोठा गोंधळ झाला. बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, मळकट पांढऱ्या ते तपकिरी अळ्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. या माशीचा प्रौढ कीटक चावत नाही, घरातल्या अन्नावर बसायला येत नाही, आणि अळ्या कचरा झपाट्याने खातात. नुकसान काही नाही, पण त्या वाढल्या म्हणजे ओलावा वाढला. मोठ्या झाल्या की त्या कोरड्या जागेच्या शोधात बाहेर चढतात, थेट पडवीत. आईला हे माहीत झाल्यावर ती खराट्याने त्यांना अंगणात लोटते, कोंबड्या पुढचं बघतात. शहरात कोंबड्या नसतील तर सुक्याचा थर वाढवणं हाच इलाज. कीटकनाशक मारू नका, खत करणारे किडेही मरतात.

शिळं अन्न हा नाजूक विषय आहे. त्या पिढीला अन्न टाकवत नाही आणि खतात घातलं की टाकल्यासारखं वाटत नाही. आमटी-भात, ताकातली भाजी, मासळीचे काटे, सगळं तिथे. घूस आणि मांजरं त्यावरच येतात. भांडून उपयोग झाला नाही. आमटी गाळून पाणी माडाच्या आळ्यात, भात मूठभरच आणि पातेऱ्याच्या मध्ये दडवून, मासळी केळीच्या बुंध्याशी फूटभर खोल, आणि तो खड्डा गडी आला की तीन-चार एकदम मारून ठेवतो. यावर तह झाला. चहाचा चोथा एकदा पाण्यातून काढायचा, नाहीतर साखरेला मुंग्या. निर्माल्यातल्या हारांचा दोरा आधी काढा. तो सळईला असा गुंडाळतो की आईच्या बोटांनी सुटत नाही.

आणि खत चाळत बसू नका. चाळणी हलवणं हे खांद्याचं काम आहे, वर धूळही उडते. जाडंभरडं तसंच झाडाच्या आळ्यात टाका. न कुजलेली काडी, कोय पुढच्या चौकोनात.

ज्यात हयगय नको

ढिगात हात घालायचा नाही, कधीच. पातेऱ्यात फुरसं बसतं, दगडाच्या फटीत विंचू असतो. आई आधी सळईने चिऱ्यावर दोनदा ठोकते, मग पिंपात डालगं घालते. संध्याकाळी कचरा टाकायला जायचंच नाही. रात्रीचा डबा ओट्यावर झाकून ठेवायचा. पायात बंद चप्पल किंवा बूट, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण तेव्हा पायाला लागलेलं कधीकधी कळत नाही. हातमोजे घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलंय का ते बघा. कोरडं खत हलवताना तोंडाला मास्क हवा. त्यात बुरशीची बीजं असतात, आणि खताच्या मातीतून होणारा लिजिओनेला जंतूंचा न्यूमोनिया ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये चांगलाच माहीत आहे, तोही मुख्यतः वयस्कर लोकांत. दम्याच्या माणसाने ते काम दुसऱ्याला द्यावं. पायाखालचं शेवाळ मात्र या सगळ्यापेक्षा धोक्याचं. आम्ही पायरीपासून चौकोनापर्यंत खडबडीत फरशी टाकली आणि भिंतीला एक आडवा पाइप ठोकला, धरायला. या एका पाइपने आईचा डाव्या हातातला डबा सांडायचा थांबला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी चिरे कुठून आणायचे? नकोतच. भाजीवाल्याकडचे भोकं असलेले दोन प्लास्टिक क्रेट, आतून जुनं पोतं, आणि ते दोन्ही एका भक्कम टेबलावर, खाली पाणी झेलायला ताट. भरलेला क्रेट तीस किलोच्या वर जातो, म्हणून जिथे ठेवायचा तिथेच रिकामा ठेवून भरायचा, हलवायचा नाही. आणि उपसायचाही तिथेच, खुरप्याने, थोडं थोडं. सुक्याचं पिंप टेबलाच्या उजवीकडे, म्हणजे ज्या हाताने कचरा टाकता त्याच बाजूला. सोसायटीच्या माळ्याला पानं जाळू नको, मला दे, म्हणून सांगा. तो आनंदाने गोणी आणून देतो.

पाचवा प्रयत्न आता चौदा महिने चालू आहे. एक जागा अजून ढिली आहे: मे महिना. नातवंडं येतात, दिवसाला एकाऐवजी चार डबे होतात, आंब्याची सालं, कोयी आणि फणसाची चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेली सालं. पातेरा त्या वेगाने घालायचा म्हटलं तर पावसाळ्याची पोती तेव्हाच संपतील. गेल्या वर्षी चारखंडं शेजारच्या गोठ्यात दिली आणि कोयी नातवंडांकडून वाडीत पुरून घेतल्या. त्यांतल्या अकरा उगवल्या. बाबा म्हणतात राहू देत, आई म्हणते उपटा, कुठला रायवळ निघेल कोण जाणे. अजून उपटलेल्या नाहीत.